अभ्यासाला इलेक्ट्रॉनिक संगीत आणि गणपतीचा सेट, दोन्ही एकाच लॅपटॉपवर: काय, कसं, किती?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. अंतर्गत चाचण्या गणपतीच्या बरोबर आधीच्या आठवड्यात, आणि मंडळाचा साउंड यंदा माझ्याकडे. म्हणून दोन्ही प्रश्न एकाच धाग्यात टाकतोय.

एक, अभ्यासिकेत रोज पाच-सहा तास बसणं होतं. पंख्यांची घरघर, खुर्च्या ओढल्याचे आवाज, मागच्या बाकावरची कुजबुज. हेडफोनवर बोल नसलेलं इलेक्ट्रॉनिक लावायचंय. अँबियंट, लो-फाय, डीप हाउस, टेक्नो यातलं कोणत्या विषयाला काय चालतं? नेट आणि जाहिरातींची कटकट नको, म्हणून स्वतः काही बनवता आलं तर तेही सांगा.

दोन, स्थापनेच्या संध्याकाळी मंडपासमोर ९० मिनिटांचा सेट वाजवायचाय. फिल्मी रिमिक्स नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रॅक आणि त्यात संबळ-हलगीचे खरे ठेके. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरं.

सामान: आठ जीबी रॅमचा साधा विंडोज लॅपटॉप, कान झाकणारा हेडफोन, मिक्स (Mixxx, डीजेसाठी), ऑडॅसिटी (रेकॉर्डिंग-कापाकापीसाठी) आणि एलएमएमएस (संगीत बनवायला), तिन्ही फुकट सॉफ्टवेअर. भाड्याने १५ इंची दोन टॉप (वरचे स्पीकर), १८ इंची दोन सब (खर्जाचे स्पीकर) आणि एक आठ चॅनलचा मिक्सर मिळतोय. वादक आमच्याच भागातले आहेत, रेकॉर्डिंगला तयार आहेत.

मांजरा_मोनो (लातूर)

अभ्यासाचं मी सांगतो. ठेक्यांवर धाराशिवकडची मंडळी येतीलच.

लक्ष मोडतं ते आवाज मोठा असल्यामुळे कमी आणि आवाज बदलत राहिल्यामुळे जास्त. पंखा तासभर घरघरला तरी मेंदू त्याला सोडून देतो, पण शेजारी कुणी हळू आवाजात चार वाक्यं बोललं की ओळ हुकते. पियेर सलामे आणि ॲलन बॅडली यांचे १९८२ चे प्रयोग याच विषयावरचे. कानावर नुसतं बोलणं पडत असलं, त्याकडे लक्ष नसलं, तरी नजरेसमोरचे आकडे क्रमाने लक्षात ठेवणं बिघडतं. आणि बोलणं न कळणाऱ्या भाषेतलं असलं तरी त्रास होतोच, त्यामुळे 'कोरियन गाणं लावतो, कळत तर नाही' ही पळवाट बंद. ट्रॅकमध्ये तुकडे केलेला मानवी आवाज असतो ना, लो-फायमध्ये हमखास, तोही बोलच समज.

आता प्रकार. पाठांतर, व्याख्या, लांब उताऱ्याचं वाचन याला ठेका नकोच. ताल नसलेलं अँबियंट, नाहीतर सरळ शांतता. गणितं, सर्किट सोडवणं, आकृत्या काढणं, वही उतरवणं, म्हणजे हात चालतो आणि पद्धत माहीत असते, तिथे ठेका चालतो: लो-फाय ७० ते ९० बीपीएम (मिनिटाला ठोके), नाहीतर ११८ ते १२४ चं डीप हाउस, आवाज कमी ठेवून. टेक्नो १२५ च्या पुढे जातं, आणि त्याचा दोष वेगात नाही, ब्रेकडाउनमध्ये आहे. चार मिनिटं एकसारखं चालतं, मग बास काढून घेतात, सगळं चढवत नेतात आणि धाडकन परत सोडतात. त्या क्षणी पेन थांबतं. नाचायला तीच तर मजा, अभ्यासाला तोच घात. टेक्नो हवंच असेल तर ब्रेकडाउन कापून सलग भाग जोडून घे, ऑडॅसिटीत दहा मिनिटांचं काम.

'हुशार करणाऱ्या' संगीताच्या नादी लागू नको. १९९३ ला मोत्सार्ट ऐकवून विद्यार्थ्यांच्या चाचणीचा एक छोटा निबंध 'नेचर'मध्ये आला होता. परिणाम दहा-पंधरा मिनिटांपुरता, तोही अवकाशीय कोड्यांपुरता. त्यावर पुढे कॅसेटी विकल्या गेल्या.

स्वतः बनवायचं तर सगळ्यात सोपी युक्ती असमान लूपची (फिरून फिरून वाजणाऱ्या तुकड्यांची). ब्रायन ईनोने १९७८ साली विमानतळासाठी जे संगीत केलं त्यात वेगवेगळ्या लांबीच्या टेपचे लूप एकमेकांवर सरकत ठेवले होते. तेच तू करायचंस.

एलएमएमएसमध्ये ट्रिपल ऑसिलेटर घे, साइन किंवा ट्रँगल लाट. ॲटॅक (स्वर चढायचा वेळ) सुमारे २ सेकंद, रिलीज (विरायचा वेळ) ४ सेकंद. तीन तुकडे तयार कर: १७ सेकंदांचा (खालचा सा), २३ सेकंदांचा (प) आणि २९ सेकंदांचा (वरचा सा, हलका). प्रत्येकात एक किंवा दोनच स्वर, आणि शेवटी दोन-तीन सेकंद पूर्ण शांत. ही शांतता विसरलास तर जोडावर दर वेळी टिक् असा आवाज येईल, आणि एकदा ऐकू आला की पुढे तोच ऐकू येत राहतो.

तिन्ही वेव्ह फाइल म्हणून काढ, ऑडॅसिटीत तीन ट्रॅकवर ठेव आणि रिपीट इफेक्ट लाव. ५० मिनिटांसाठी, म्हणजे ३००० सेकंदांसाठी, १७ वाल्याला १७६ पुनरावृत्ती, २३ वाल्याला १३० आणि २९ वाल्याला १०३. मग ३००० सेकंदांवर काप. या तीन संख्यांना सामाईक विभाजक नाही, म्हणून तिघांची जुळणी पुन्हा पहिल्यासारखी व्हायला १७ × २३ × २९ = ११,३३९ सेकंद लागतात, तीन तासांहून जास्त. म्हणजे ५० मिनिटांत तीच जुळणी एकदाही परत येत नाही, तरी नवं काही घडल्यासारखंही वाटत नाही. लांब्या १६, २४, ३२ घेतल्यास तर दीड मिनिटातच सगळं फिरून जागेवर येतं.

वरून ५ किलोहर्ट्झचा लो-पास (त्याच्या वरचे आवाज गाळणारा फिल्टर), सुरुवातीला १० सेकंद फेड-इन, शेवटी २० सेकंद फेड-आउट, लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे २० एलयूएफएसला (आवाजाच्या एकूण जोराचं माप). एमपी३ सगळ्यात शेवटी कर. आधी एमपी३ करून मग लूप जोडलेस तर त्या फॉरमॅटमुळे टोकांना बारीक रिकामी जागा येते आणि जोड उघडा पडतो. १९२ केबीपीएसला ५० मिनिटांची फाइल ७२ एमबी होते, फोनमध्ये सहज मावते. फेड-आउट म्हणजेच सुट्टीची घंटा. दहा मिनिटं उठायचं, तेव्हा कानात काहीही नको.

आवाज: जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब प्रौढांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते. तुझे रोजचे सहा तास धरले तर आठवड्याचे ४२ झाले, म्हणजे ८० वरच हद्द ओलांडली. ६०-६५ च्या आसपास राहा. पारख सोपी आहे: हेडफोन कानावर असताना शेजाऱ्याने नेहमीच्या आवाजात हाक मारली तर ऐकू आली पाहिजे.

सिंदफणा (बीड)

दादा, एवढी खटपट कशाला? ब्राउन नॉइझ (खर्जातला सलग घोंघाट) लावायचा, नाहीतर बायनॉरल बीट्स. डाव्या कानात २०० हर्ट्झ, उजव्यात २१०, मेंदूला १० चा ठोका जाणवतो आणि लक्ष लागतं. ऑडॅसिटीत दोन मिनिटांत तयार.

मांजरा_मोनो (लातूर)

ठोका जाणवतो हे खरं, हाइनरिश डोव्ह यांनी १८४१ मध्येच ते दाखवलं. पण त्याने लक्ष लागतं याबद्दल प्रयोगांचे निकाल एका दिशेचे नाहीत. आणि तो हेडफोनवरच होतो. स्पीकरवर दोन्ही स्वर हवेतच मिसळतात आणि साधी थरथर ऐकू येते. आवडत असेल तर ऐका, अपाय नाही.

नॉइझबद्दल मात्र दुरुस्ती. ब्राउनची ताकद दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरते, पिंकची ३ ने. कुजबुजीतले शब्द ज्या वरच्या भागात कळतात तिथे ब्राउनमध्ये फारसं काही उरतच नाही, म्हणून बोलणं झाकायला तो आवाज वाढवत न्यावा लागतो. बोलणं झाकायचं असेल तर पिंक घ्या. ऑडॅसिटीत जनरेट मेनूत नॉइझमध्ये दोन्ही आहेत. वर सांगितलेल्या लूपखाली अगदी बारीक पिंक अंथरला तर अभ्यासिकेची अर्धी कुजबुज गिळली जाते.

आणि गोदाकाठ, चाचणीच्या आधीचे चार-पाच दिवस पूर्ण पेपर सोडवायचा सराव हेडफोन काढून कर. परीक्षेच्या खोलीत हे लूप वाजत नसतात.

तेरणा_संबळ (धाराशिव)

ठेक्यांचं मी सांगते. तुळजापूरच्या बाजूला संबळ गल्लोगल्ली असला तरी तो नीट रेकॉर्ड केलेला क्वचित मिळतो. नेटवर 'इंडियन पर्कशन' म्हणून जे पॅक विकतात त्यात बहुतेक ढोलक आणि तबला निघतो. तुमच्याकडे वादक आहेत, तर पॅकच्या वाटेला जाऊच नका.

भाद्रपदातल्या दमट हवेचा पहिला फटका हलगीला. चामडं सैल पडतं, सूर उतरतो, कडकडाट जाऊन धप्प धप्प ऐकू येतं. शेकल्यावर चढते, पण वाजवता वाजवता पुन्हा उतरायला लागते. म्हणून एका दमात अर्धा तास रेकॉर्ड करू नका. शेका, चार-पाच मिनिटं घ्या, थांबा, पुन्हा शेका. प्रत्येक वेळी सुरुवातीला पाच सुटे ठोके मोकळ्या काठीने घेऊन ठेवा, म्हणजे नंतर कोणता तुकडा कोणत्या सुरात आहे ते कानाने जुळवता येतं. शेकण्याचा अंदाज वादकाचा, त्यात तुम्ही बोलायचं नाही.

खोली: सिमेंटच्या रिकाम्या खोलीत हलगी म्हणजे प्रत्येक ठोक्याला प्रतिध्वनीची शेपटी, ती नंतर निघत नाही. भिंतींवर दोन-तीन वाकळा टांगा, खाली सतरंजी. नाहीतर सरळ मोकळ्या शेतात जा, वारा नसताना.

फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर फोन दीड-दोन मीटर लांब, वादकाच्या समोर नाही, किंचित बाजूला. फोनचं साधं रेकॉर्डर ॲप आवाज आपोआप वर-खाली करतं. पहिला ठोका आला की सगळं दाबतं आणि मग हळूहळू वर येतं, सगळा ठेका दम लागल्यासारखा ऐकू येतो. ज्या ॲपमध्ये हे बंद करता येतं आणि वेव्ह मिळते तेच घ्या. सगळ्यात जोराचा ठोका रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. एकदा फाटलेला ठोका कोणत्याही इफेक्टने शिवता येत नाही. संबळाला फोन दोन्ही भांड्यांच्या मधोमध पण थोडा वर धरा, नाहीतर एकच बाजू येते.

वादकाच्या एका कानात मेट्रोनोम द्या. नको म्हणाला तर आग्रह करू नका, पण मग वेग चढत जाणार हे गृहीत धरा. ३२ आवर्तनं घ्या, त्यातली सलग ८ निवडा. एकाच आवर्तनाचा लूप केला की दोन मिनिटांत यंत्र वाटायला लागतं. आठांत ठोके थोडे पुढे-मागे असतात, ते तसेच ठेवा. ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघांवर) प्रत्येक ठोका ओढून बसवणाऱ्यांनी मग ड्रम मशीनच वापरावं, कशाला बिचाऱ्या वादकाला बसवायचं!

आता खरी मेख. आपले बरेच ठेके सहाच्या चालीचे (सहा मात्रांचे) आहेत, आणि हाउस-टेक्नो चारच्या. सहाचा ठेका चारच्या ग्रिडवर टाकला की पहिल्या आवर्तनात ठीक वाटतं आणि मग सगळं लंगडतं. दोन उपाय. एक म्हणजे एलएमएमएसमध्ये ग्रिड तिपटीवर ठेवायची (१/१२ किंवा १/२४), किक (ड्रमचा जाड ठोका) दर तीन छोट्या मात्रांना टाकायची, म्हणजे किक सरळ चालते आणि वर संबळ झुलतो. दुसरा, तयार ट्रॅकवर सहाचा ठेका टाकूच नका. तिथे चारच्या चालीची हलगी घ्या, आणि सहाचे ठेके स्वतः बनवलेल्या तुकड्यांसाठी ठेवा. वेळ कमी असेल तर दुसराच.

ट्रॅक निवडताना ज्यात क्लॅप किंवा स्नेअर मोठा आहे ते टाळा. हलगीचा कडकडाट आणि क्लॅप एकाच जागी आदळतात आणि दोन्ही पातळ होतात. फक्त किक, बास आणि पॅड (लांब सलग स्वर) असलेले भाग शोधा. मिक्समध्ये कीलॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावून हलगीचा वेग फार ओढू नका, पाच-सहा टक्क्यांच्या पुढे ठोका चिरडल्यासारखा होतो. ९६, १०४, ११२ आणि १२० अशा चार वेगांत वादकाकडूनच वेगवेगळं घेतलं की ओढायची वेळच येत नाही.

वादकाला मानधन आधी ठरवा, आणि सेटच्या वेळी निदान शेवटची वीस मिनिटं तो प्रत्यक्ष उभा असू द्या.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सेटची रचना आणि साउंड, दोन्ही.

९० मिनिटांना साधारण २० ते २२ ट्रॅक लागतात, तू ३० घेऊन जा. पहिली वीस मिनिटं ९६-१०० बीपीएम, लोक अजून प्रसादाच्या रांगेत असतात. मग ११२ पर्यंत, शेवटचा अर्धा तास १२० ते १२४. उडी मारू नको, दर ट्रॅकला एक-दीड बीपीएम चढ. वर मांजरा_मोनोने ब्रेकडाउनला शिव्या दिल्यात, इथे नेमके तेच हवेत: दर १६ किंवा ३२ बारला (बार म्हणजे चार ठोके) काहीतरी बदललं पाहिजे, नाहीतर लोक खुर्च्या शोधतात. सूर जुळवायला मिक्स प्रत्येक ट्रॅकची की (मूळ सूर) काढून देतं. सुरांना आकडे देणाऱ्या चाकाच्या पद्धतीत ८ए म्हणजे ए मायनर, त्याला ७ए, ९ए आणि ८बी शेजारी. संबळावर फक्त ठेका चालू असेल तेव्हा की बघायची गरज नाही, तिथूनच सूर बदलायची सोय होते. तानपुऱ्याच्या सुरावर यंत्राचा ठेका कसा बसतो ते ऐकायचं तर चरणजित सिंग यांचं १९८२ चं काम शोध: मुंबईत, रोलँडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन त्यांनी राग वाजवले, जगात ॲसिड हाउस हे नाव रूढ होण्याच्या काही वर्षं आधी.

फाइली ३२० केबीपीएस एमपी३ किंवा वेव्ह. व्हिडिओवरून ओढलेली १२८ ची फाइल ३२० ला बदलून काही मिळत नाही. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम उघड: १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली तर फाइल मुळातच दाबलेली आहे. हेडफोनवर चालून जाते, १५ इंची टॉपवर झांजेचा नुसता फेस होतो.

आता कायदा, कारण गल्लीत घरं आहेत म्हणालास. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच. लोक फक्त ७५ लक्षात ठेवतात. निवासी गल्लीत ५५ अधिक १०, म्हणजे ६५ च! दवाखाना, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटर परिसर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल, तर तिथे दिवसाची मर्यादा ५०. रात्री १२ पर्यंतची सूट वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. तुझ्या दिवशी सूट आहे का ते आदेश वाचूनच ठरव. पोलिस परवानगीचा कागद मंडपात ठेव.

हे ६५ म्हणजे किती, ते करून बघू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हद्द १६ मीटरवर असेल तर २४ डेसिबल उतरतात, म्हणजे स्पीकरसमोर १ मीटरवर ८९. एका वॅटला ९७ डेसिबल देणाऱ्या टॉपला ८९ साठी वॅटचा सहावा हिस्सा पुरतो. अरुंद गल्लीत भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी कमी. हजारो वॅटच्या भिंती उभ्या करणाऱ्यांना हे गणित कुणी दाखवत नाही.

मग उपाय काय? दोन मोठे टॉप लांबून मारण्याऐवजी लहान स्पीकर लोकांजवळ. टॉप डोक्याच्या उंचीवर, तोंड खाली झुकवून गर्दीकडे, घरांच्या खिडक्यांकडे नाही. मागे दुसरी जोडी लावलीस तर तिला उशीर दे, दर मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद, १७ मीटर मागे असेल तर ५०. नाहीतर हलगीचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

सब दोन मिळतायत, एकच लाव. मीटरचं ए-वेटिंग (कानाच्या जाणिवेप्रमाणे मोजायची पद्धत) ५० हर्ट्झला जवळजवळ ३० डेसिबल कमी मोजतं. म्हणून आकडा नियमात दिसतो आणि शेजारच्या घरातली भांडी मात्र वाजत असतात. तक्रार आकड्याची येत नाही, भांड्यांची येते. क्रॉसओव्हर (सब आणि टॉप यांतली वाटणी) ९० हर्ट्झच्या आसपास, ३५ च्या खालचं सगळं काप. फोनचं मीटर अंदाजापुरतंच, मर्यादेच्या पाच डेसिबल खाली राहा.

मिक्सरवर लाल दिवा लागता कामा नये. फाटलेल्या आवाजात वरच्या फ्रिक्वेन्सीची ताकद अचानक वाढते आणि टॉपमधला ट्वीटर आधी जळतो, तोही आवाज 'कमी पडतोय' म्हणून कुणीतरी नॉब फिरवल्यावर. मास्टरवर लिमिटर (ठरल्या मर्यादेपुढे आवाज जाऊ न देणारा), आणि नॉबजवळ मंडळाचा दुसरा कुणीही नको.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. वाकळा टांगून दोन वादकांचं रेकॉर्डिंग झालं. तीन अडचणी उरल्यात.

क) संबळाचा ठेका वादकाने ९२ च्या क्लिकवर वाजवला, मिक्स १३८ दाखवतं. सिंक (वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की सगळं धावतं.

ख) मिक्सरवर चाचणी घेतली. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकची वायर एका चॅनलला लावली तर बास आणि किक गायब, फक्त कडेचे आवाज. शिवाय चार्जर लावला की घूं असा आवाज.

ग) अभ्यास आणि सेट दोन्ही रोज कसं बसवायचं? सेटचं काम केलं की तासभर तेच डोक्यात वाजत राहतं.

तेरणा_संबळ (धाराशिव)

क) चं कारण ठेका सहाचा आहे. ९२ ची दीडपट १३८. सॉफ्टवेअर तिपटीचे छोटे ठोके दोन-दोनच्या जोडीने मोजतंय. ट्रॅकवर उजवी क्लिक करा, बीपीएम बदलण्याच्या यादीत दोन-तृतीयांश आहे, ते दाबा. मग ग्रिडची पहिली रेघ समेच्या ठोक्यावर आणा आणि त्या ट्रॅकचा बीपीएम लॉक करा, नाहीतर पुन्हा ॲनालिसिस चालवलं की परत १३८. सगळ्या संबळ फाइलींच्या नावात वेग आणि चाल लिहून ठेवा: 'संबळ ९२ सहा', 'हलगी ११२ चार'. सहावाल्यांवर सिंक वापरू नका, कानाने जोडा.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

ख) नेहमीची चूक. लॅपटॉपच्या जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन सिग्नल निघतात. तू ते मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटला दिलेस, आणि तो इनपुट दोघांतला फरक घेतो. किक, बास, जे काही दोन्हीकडे सारखं आहे ते वजा होऊन शून्य. वायर बदल: एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन सुटे मोनो जॅक, आणि ते दोन वेगळ्या चॅनलला, पॅन (डावी-उजवी बाजू ठरवणारा नॉब) एक डावीकडे, एक उजवीकडे. मिक्सरला स्टिरिओ चॅनल असेल तर त्याच्या डाव्या-उजव्याला.

घूं म्हणजे अर्थिंगचा वेढा. चार्जरची अर्थ आणि मिक्सरची अर्थ वायरमधून एकमेकांना भेटतात. पिनची अर्थ तोडायचा सल्ला कुणीतरी देईल, ऐकू नको. पावसात लोखंडी मंडपाखाली उभा राहणार आहेस. डीआय बॉक्स किंवा ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड आयसोलेटर मध्ये टाक, आणि लॅपटॉप-मिक्सर दोन्ही एकाच बोर्डवर घे. ते नाही मिळालं तर सेटपुरता लॅपटॉप बॅटरीवर, पण ९० मिनिटं टिकते का ते घरी पूर्ण चालवून बघ.

त्याच वेळी वायफाय बंद, विंडोजचं अपडेट थांबवलेलं, स्लीप बंद. मिक्सचा बफर (आवाज आधीच साठवून ठेवायचा अवधी) आधी २३ मिलिसेकंदांच्या आसपास ठेव; आवाज तडतडला तर वाढव, कमी करू नको. तू स्क्रॅच करत नाहीस, तुला जलद प्रतिसादाची गरज नाही. सगळा सेट एका पेनड्राइव्हवर सलग वेव्ह म्हणूनही ठेव, आणि तोच दुसऱ्या फोनमध्ये. ९० मिनिटांची सीडी दर्जाची वेव्ह साधारण ९५० एमबी होते. लाईट गेली तर लॅपटॉप चालूच राहतो आणि साउंड बंद पडतो. परत येताच ॲम्प्लिफायर एकदम पूर्ण आवाजात उठू नये म्हणून लाईट जाताच मास्टर खाली ओढायचा.

मांजरा_मोनो (लातूर)

ग) क्रम उलटा कर. दिवसाचा अभ्यास संपल्यावर सेट, आधी कधीच नाही. डोक्यात वाजत राहतो तो बहुतेक वेळा अर्धवट सोडलेला तुकडा, म्हणून सेटचं काम ट्रॅकच्या मध्यात थांबवू नको. शेवटपर्यंत ऐक, मग बंद कर. वेळ ४५ मिनिटं, त्याहून जास्त झालं की कान थकतात आणि आपण नकळत आवाज व वरच्या फ्रिक्वेन्सी चढवत जातो. दुसऱ्या दिवशी तेच कर्कश वाटतं.

दोन्हींसाठी विंडोजवर दोन वेगळे युजर कर. अभ्यासाच्या युजरमध्ये मिक्स दिसायलाच नको. चाचण्यांच्या आठवड्यात सेटमध्ये नवा ट्रॅक घ्यायचा नाही, फक्त जोड तपासायचे, तेही एक दिवसाआड. शेवटचा पेपर आणि स्थापना यांच्यात एक मोकळी संध्याकाळ मिळाली तर ती नव्या मिक्सिंगला घालवू नको. मंडपात जाऊन वायर लाव, पूर्ण ९० मिनिटं वाजव, आणि कुणाला तरी हद्दीवर मीटर घेऊन उभा कर.

सिंदफणा (बीड)

आणि आरतीचा माइक वेगळ्या चॅनलला ठेवा. सेट थांबवून वायरी बदलत बसलात तर काका लोक पुढच्या वर्षी ढोल-ताशाच आणतील.

गोदाकाठ (नांदेड)

दोन-तृतीयांश केलं, ९२ आलं. वायर उद्या आणतो. आरतीच्या माइकला सातवा चॅनल.